एरंडाची पहिली दोन पानं एरंडासारखी का नाहीत?

बांधकरी:
सोयाबीनच्या कडेने मी दरवर्षी एरंड टोकतो. पानं खाणाऱ्या अळीचा पतंग आधी एरंडावर अंडी घालतो, तेवढंच सोयाबीन वाचतं. यंदा पाऊस लांबला म्हणून दहा-बारा बिया अंगणात तेलाच्या डब्यांत लावल्या आणि रोज चहा घेताना बघत बसलो. पहिली दोन पानं आली ती लंबगोल, कडा गुळगुळीत. मधे एक जाड शीर, आणि देठापाशीच तिच्या दोन्ही अंगांना एकेक शीर फुटून कमानीसारखी वर वळलेली. मग त्यांच्या मधून निघालेली जोडी मात्र पंजासारखी फाकलेली, कडेला करवतीचे दाते, प्रत्येक बोटात एक मोठी शीर. पहिल्यांचा देठ पानाच्या काठाला, दुसऱ्यांचा पानाच्या पोटात, छत्रीच्या दांडीसारखा. बियाणं भेसळीचं असावं का? पण सगळीच रोपं अशी आहेत, म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी इथे विचारतोय.

पानवेडी:
भांडू नका, बियाणं चोख आहे. ती पहिली दोन म्हणजे बीजपत्रं. ती मातीत तयार झाली नाहीत, बी मायझाडावर पिकत होतं तेव्हाच घडली. एरंडाच्या बीत अन्न असतं पांढऱ्या, तेलकट भ्रूणपोषात, आणि त्याच्या मधोमध ही दोन पानं कागदासारखी पातळ, एकमेकांना पोटाशी चिकटून. पाठ भ्रूणपोषाला टेकलेली. उगवताना तेलाची साखर होते, ती पाठीकडून शोषली जाते आणि त्याच शिरांतून खाली मुळाकडे जाते. म्हणजे त्या शिरांनी ऊन बघायच्या आधीच काम सुरू केलेलं असतं! एक बी रात्रभर भिजवा, टरफल काढा आणि चपट्या बाजूला समांतर, कडेकडून उकला. नंतर हात धुवा. बी विषारी आहे, पोरं आणि गुरं लांब ठेवा.

डाळिंबी:
वाल सोलताना बघा. दोन जाड फाका म्हणजे बीजपत्रं, अन्न त्यांच्यातच, म्हणून वरून शिरा दिसत नाहीत. फाकांच्या मधे मात्र नखाएवढीही नसलेली पानं घडी घालून बसलेली असतात, आणि त्यांच्यावर शिरा असतात. रोपावर येणारी पहिली बदामी जोडी तीच. तिला बरेच जण बीजपत्र समजतात. ती खरी पानं. पुढे तीन-तीन पर्णिकांची पानं येतात. (आमच्याकडे बहुतेक वाल तिथवर पोचत नाहीत, आमटीत जातात.)

आळशी_माळी:
एवढंसं रोप, आणि चाललंय एरंडाचं गुऱ्हाळ. चालू द्या, वाचतोय.

बांधकरी:
बी उकललं. जुनं भिंग लावलं तर त्या पापुद्र्यावर शिरा स्पष्ट दिसल्या, मधली आणि बाजूच्या दोन, अगदी डब्यातल्या पानासारख्याच. आणि एक कबूल करतो. दोन रोपांच्या बीजपत्रांच्या पाठीला पांढरा चिकट थर होता. मी बुरशी समजून दोन दिवस नखाने खरवडत होतो. तो उरलेला भ्रूणपोष होता, म्हणजे त्यांचा जेवणाचा डबाच काढून घेत होतो की!
आता तिसरं पान एकटंच आलंय, जोडीने नाही. हे बरोबर?

पानवेडी:
बरोबर. पहिली खरी जोडी समोरासमोर, पुढची सगळी एकाआड एक. खरवडलेली दोन जगली का?

बांधकरी:
एक जगलं. बारीक आहे.