कोंबडीच्या शेडमधले कोलिस्टिन आणि रुग्णालयातले कोलिस्टिन यांचा संबंध आहे का?

प्रश्न

गेल्या महिन्यात माझे वडील अतिदक्षता विभागात होते. त्यांच्या रक्तात क्लेबसिएला जिवाणू सापडला आणि अहवालात एकेका प्रतिजैविकापुढे ‘आर’ (म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही) हे अक्षर येत गेले. शेवटी कोलिस्टिन हे प्रतिजैविक सुरू केले, पण त्यानेही गुण येईना, म्हणून आणखी एका औषधाची जोड द्यावी लागली. आता ते घरी आले आहेत. मात्र ‘कोलिस्टिन’ हे नाव ऐकताच मी चपापलो, कारण काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या ब्रॉयलर शेडमध्ये याच नावाची पुडी पिल्लांच्या पाण्याच्या टाकीत कालवताना मी पाहिली होती. या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो का? आमच्या घरी चिकन नीट शिजवूनच खाल्ले जाते.

प्रतिसाद १ (सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते)

वडील घरी आले हे वाचून बरे वाटले. त्यांच्या बाबतीत थेट संबंध जोडता येणार नाही, हे आधी सांगते. भारतातील रुग्णालयांत क्लेबसिएला कोलिस्टिनला दाद देत नाही तो बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रातील बदलामुळे, आणि असा जिवाणू हातांवरून, व्हेंटिलेटरवरून, कॅथेटरवरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो. तेव्हा भावाला दोष देऊ नका.

तरीही आपली शंका निराधार नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिनला निकामी करणाऱ्या ‘एमसीआर-१’ या जनुकाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी तपासलेल्या जिवाणूंच्या नमुन्यांपैकी डुकरांच्या ८०४ नमुन्यांत १६६, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांत ७८ आणि रुग्णांच्या १,३२२ नमुन्यांत १६ ठिकाणी हे जनुक होते. कोलिस्टिन जिवाणूच्या बाह्य आवरणावरील ऋण भाराला चिकटते; या जनुकाने तयार होणारे विकर (एन्झाइम) तो भार कमी करते आणि औषधाला पकड मिळत नाही. खरी चिंता अशी की हे जनुक गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असते, आणि त्या कड्याची प्रत एक जिवाणू शेजारच्या जिवाणूला देऊ शकतो, मग तो दुसऱ्या जातीचा का असेना. प्लाझ्मिड असलेला आणि नसलेला असे दोन जिवाणू आम्ही रात्रभर एकत्र ठेवतो. सकाळी काल औषधाने मरणाऱ्या जिवाणूच्या वसाहती औषध घातलेल्या प्लेटवर उगवलेल्या दिसतात. कित्येकदा पाहूनही त्या प्लेटकडे बघताना पोटात गोळा येतो.

शिजवल्याने जिवाणू मरतात, हे खरे. पण कच्चे मांस कापलेल्या पाटावरच कोशिंबीर चिरली गेली, किंवा शेडमध्ये काम करणाऱ्याने हात न धुता घास घेतला, तर जिवाणू आतड्यात पोहोचतो. त्याने आजार होईलच असे नाही, परंतु तिथल्या जिवाणूंना ते जनुक मिळू शकते.

प्रतिसाद २ (पशुवैद्यक)

जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता, कुक्कुटपालनासह, कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. आपण पाहिलेली पुडी बहुधा त्याआधीची असावी. चीनने वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे २०१७ मध्ये थांबवले आणि त्यानंतर तिथे डुकरांत व माणसांतही या जनुकाचे प्रमाण घटलेले दिसले. म्हणजे बंदीचा उपयोग होतो. मात्र एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांना निकामी करणारी जनुके एकत्र असू शकतात. तसे असेल तर दुसरेच प्रतिजैविक देत राहिल्यानेही कोलिस्टिनविरोधी जनुक टिकून राहते. म्हणून शेडमध्ये पक्ष्यांची मर वाढली की आधी मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन करून घ्या, औषध त्यानंतर.

प्रतिसाद ३ (करारावर ब्रॉयलर पाळतो)

आमच्याकडे पिल्ले, खाद्य आणि औषध हे सारे कंपनीकडून येते, सुपरवायझर सांगेल ते पाण्यात घालायचे. मागच्या बॅचपासून मी प्रत्येक पुडीचे लेबल वाचून वहीत लिहून ठेवतो. पण शेडमधले कोंबड्यांची विष्ठा मिसळलेले तूस आम्ही खत म्हणून भाजीच्या रानात टाकतो. त्यातूनही हे पसरते का?

प्रतिसाद २

होय, पसरू शकते. तूस ताजे टाकू नका. ढीग लावून ओलावा राखा आणि अधूनमधून वर-खाली करा, म्हणजे आतली उष्णता सगळीकडे पोहोचेल. चांगले तापलेल्या ढिगात जिवाणू मोठ्या प्रमाणात मरतात, तरी जनुके पूर्ण नाहीशी होतीलच असे नाही. म्हणून कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यांपासून हे खत दूरच ठेवा.