आपण तास विकले, चीनने काय केलं?

कोबोलकाका (धागाकर्ता)

हल्ली कुठेही आयटीचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सेवानिर्यातीत चीन आपल्या पासंगालाही पुरत नाही. दुसरा म्हणतो, चीनचं डीपसीक हे एआय आलं तेव्हा आपण काय करत होतो? दोघांकडे आकडे असतात, आणि गंमत म्हणजे दोघांचेही खरे असतात.

नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबाने २०२३-२४ मध्ये आपला उद्योग साधारण २५४ अब्ज डॉलरचा, त्यातली निर्यात २०० अब्जांच्या आसपास. चीनच्या उद्योग व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ साठी सॉफ्टवेअर उद्योगाची उलाढाल १२ लाख कोटी युआनच्या वर दाखवली. डॉलरमध्ये दीड हजार अब्जांहून जास्त. निर्यात मात्र ५१ अब्ज डॉलर. त्यांच्या बेरजेत ई-कॉमर्सच्या प्लॅटफॉर्मपासून यंत्रात बसवलेल्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळं येतं, त्यामुळे दोन बेरजा शेजारी मांडून फार काही कळत नाही. गुणोत्तर मात्र बघा. आपल्या पाच रुपयांतले चार बाहेरून येतात, त्यांचे जवळजवळ सगळे घरातून.

माझं म्हणणं असं की खरा प्रश्न गिऱ्हाईक कोण हा आहे. आपलं गिऱ्हाईक म्हणजे न्यू यॉर्कची बँक. काय हवं ते ती सांगते, आपण माणसं लावतो, तासांचं बिल करतो, बनलेली वस्तू तिची. चिनी अभियंत्याचं गिऱ्हाईक चिनी. अलीबाबाने २००८ च्या सुमारास आयबीएमचे सर्व्हर, ओरॅकलचा डेटाबेस आणि ईएमसीचं स्टोरेज हटवायची मोहीम काढली आणि २०१३ मध्ये शेवटचं आयबीएम मशीन बंद केलं. त्या खटपटीत ओशनबेस हा त्यांचा स्वतःचा डेटाबेस उभा राहिला. त्याच वर्षांत आपण त्याच ओरॅकलचे डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, तयार करून ऑनसाइट, गिऱ्हाइकाच्या देशात, पाठवत होतो. पैसे मिळाले, खोटं कशाला बोलू. माझं घरही त्याच पैशांतून झालंय. पण तीस वर्षं परदेशी बँकांच्या आतड्यांत शिरून जे शिकलो, त्यातलं आपल्या नावावर किती आहे?

'भारत महान'वाल्यांनी आणि 'या देशाचं काही खरं नाही'वाल्यांनी कृपया वेगळे धागे काढावेत.

डेबिटक्रेडिट

काका, 'तास विकले' असं नाक मुरडून म्हणायची फॅशन झाली आहे. १९९१ मध्ये आपण सोनं गहाण टाकलं होतं, हे विसरलात? त्याच वर्षी एसटीपीआय ही सरकारची सॉफ्टवेअर पार्कची योजना सुरू झाली, म्हणजे निर्यात करणाऱ्याला उपग्रहाची लिंक, करात सूट आणि बाबू लोकांपासून थोडी सुटका. घरात गिऱ्हाईकच नव्हतं. बँकांत संगणक आणायचा म्हटलं की युनियन रस्त्यावर. मग माल कोणाला विकणार होतात?

आणि चीनने हा धंदा करून पाहिला नाही असं भासवू नका. २००६ मध्ये त्यांच्या वाणिज्य मंत्रालयाने '१०००-१००-१०' नावाची योजना काढली. आउटसोर्सिंगची १० केंद्र-शहरं, १०० बहुराष्ट्रीय गिऱ्हाइकं, १००० चिनी कंपन्या. सरकार पाठीशी, पैसा हाताशी. निकाल काय? २०१२ मध्ये व्हान्सइन्फो आणि हायसॉफ्ट या तिथल्या दोन बड्या कंपन्या एकत्र येऊन पॅक्टेरा झाली, तेव्हा दोघींची मिळून माणसं २३ हजारांच्या आसपास. एकट्या टीसीएसकडे त्या वेळी सव्वादोन लाखांहून जास्त. दोन वर्षांत पॅक्टेरा ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने घेऊन शेअर बाजारातून काढली, पुढे एचएनए या चिनी उद्योगसमूहाकडे गेली. ज्या मैदानात ते हरले त्या मैदानाला आता आपणच हलकं म्हणायचं?

तिरपागडे

भिंत बांधून घेतली की घरचं गिऱ्हाईक आपोआप मिळतं. गूगल २०१० मध्ये चीनमधून बाहेर पडलं, फेसबुक-ट्विटर त्याआधीच बंद. आम्हालाही द्या अशी भिंत, मग बघा.

कोबोलकाका

@तिरपागडे, दिली होती की! फेराच्या, म्हणजे परकीय चलनाच्या, कायद्यापायी १९७८ मध्ये आयबीएमने गाशा गुंडाळला. त्यांची यंत्रं सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं, एचसीएल आणि विप्रोने स्वतःचे संगणक बनवले. चांगले होते. आयात खुली झाली आणि ते संपले, कारण भिंतीच्या आत विकत घेणारं कोणी पुरेसं नव्हतं. नुसत्या भिंतीने डेटाबेस लिहून होत नाही.

@डेबिटक्रेडिट, ते हरले म्हणता. मला वाटतं त्यांनी तो डाव अर्ध्यात सोडला, कारण शेजारच्या टेबलावर जास्त पैसे होते.

दालियनवाली

मी काही वर्षं पुण्यातून एका जपानी विमा कंपनीच्या कामावर होते आणि आमची जोडीची टीम चीनच्या दालियनला होती. म्हणून लिहिते.

दालियनचं सॉफ्टवेअर पार्क १९९८ चं. शहर १९०५ पासून १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात होतं आणि जपानी शिकायची रीत तिथे पुढेही टिकली, म्हणून टोकियोचं काम तिकडे वळलं. शेनयांगची न्यूसॉफ्ट (१९९१, विद्यापीठातून निघालेली) याच कामावर मोठी झाली. तेव्हा 'चिन्यांना सेवा जमत नाही' हे साफ चूक. टोकियोहून स्पेक, म्हणजे काय बनवायचं त्याचा तपशील, यायचा तो एक्सेलमध्ये. एका स्क्रीनमागे चाळीस-चाळीस शीट, प्रत्येक रकान्यात किती अक्षरं मावणार, चुकीचं भरलं तर कुठला संदेश दिसणार, सगळं लिहिलेलं. टेस्टिंग झालं की प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट त्याच एक्सेलमध्ये चिकटवायचा, लाल चौकट काढून. त्याला 'एव्हिडन्स' म्हणायचे. आमची पोरं यावर वैतागायची. 'चालतंय ना कोड, मग फोटो कशाला?' दालियनवाले गुपचूप चिकटवायचे आणि त्यांची डिलिव्हरी परत यायची नाही.

पण डेबिटक्रेडिट यांचा अर्धा मुद्दा मला पटतो. त्या कामात वर चढायला शिडी नव्हती. डिझाइन टोकियोतच राहायचं, मध्ये दोन्हीकडचा दुवा म्हणून एक 'ब्रिज एसई' (इंजिनिअर) बसायचा आणि खाली फक्त कोडिंग-टेस्टिंग यायचं. अमेरिकन गिऱ्हाइकाने आपल्याला हळूहळू अख्खी सिस्टीम सोपवली. रिक्वायरमेंट आपण काढायच्या, रात्री दोनला बॅच (रात्री आपोआप चालणारं काम) बंद पडली तर आपणच उठायचं. ती जबाबदारी दालियनला कोणी दिलीच नाही.

आणि अॅट्रिशन, म्हणजे माणसं सोडून जाणं, दोन्हीकडे होतं. आमच्याकडचा मुलगा पेपर टाकला की रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या सर्व्हिस कंपनीत जायचा. त्यांच्याकडचा चांगला मुलगा बीजिंग नाहीतर शेनझेनच्या प्रॉडक्ट कंपनीत. काका म्हणतात ते शेजारचं टेबल हेच.

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवू. हुआवेने २०२३ मध्ये संशोधनावर १६४ अब्ज युआनहून जास्त खर्च केले, उत्पन्नाच्या २३ टक्के. आपल्या बड्या सेवाकंपन्यांचा हा आकडा १ टक्क्याच्या आतबाहेर. टीसीएसने २०१७ मध्ये १६ हजार कोटींचे स्वतःचेच शेअर परत विकत घेतले, २०२३ मध्ये पुन्हा १७ हजार कोटींचे. कायदेशीर आहे, भागधारक खूश आहेत. पण मग 'आमच्याकडे भांडवल नव्हतं' हे रडगाणं बंद करा.

डेबिटक्रेडिट

हिशेबनीस, हिशेब तरी सरळ मांडा. हुआवे दूरसंचाराची यंत्रं आणि फोन बनवते. तिची तुलना टीसीएसशी कशी होईल? तुलना करायची तर चायनासॉफ्ट किंवा आयसॉफ्टस्टोन या चिनी सेवाकंपन्यांशी करा. या दोन्ही कंपन्यांच्या धंद्याचा मोठा हिस्सा एकट्या हुआवेवर चालतो. हुआवेला शिंक आली की यांना ताप. आपल्याकडे बड्या कंपनीत एका गिऱ्हाइकावर इतकं अवलंबून राहिलात तर पुढच्याच तिमाहीत विश्लेषक सोलून काढतील. देशी गिऱ्हाइकाचे एवढे गोडवे गाताय, तर घरच्या बड्या गिऱ्हाइकापुढे दराची घासाघीस काय असते तेही सांगा. आपल्याकडे सरकारी टेंडर भरलेल्या कोणालाही विचारा, बिल पास व्हायला किती फेऱ्या लागतात.

बेंचवरचा

तुमची भांडणं चालू द्या. माझ्या बॅचला पॅकेज साडेतीन लाख. माझ्या मामेभावाला बारा वर्षांपूर्वी त्याच 'कॅम्पस'मधून सव्वातीन होतं. २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या वर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

चीनचं गुणगान करणाऱ्यांना एकच शब्द, ९९६. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. २०१९ मध्ये तिथल्या प्रोग्रामरनी गिटहबवर त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०२१ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाला हे बेकायदा आहे असं सांगावं लागलं. ओशनबेस असा बनतो काका. मला बनवायचाय, पण शनिवारी घरी यायचंय.

कोबोलकाका

शनिवार तर आम्हीही ऑफिसातच काढले, बाळा. फक्त त्याची टाइमशीट दुसऱ्याच्या नावाने भरायची.

पायजमावाला

घरचं गिऱ्हाईक मिळालं की आपणही करतो, याचं उदाहरण समोर असताना कोणी बोलत का नाही? यूपीआय, २०१६. आधार. इन्फोसिसचं फिनॅकल आणि टीसीएसचं बँक्स (BaNCS) ही बँकांसाठीची सॉफ्टवेअर, ती आज कितीतरी देशांतल्या बँकांत चालतात. स्टेट बँकेचा गाभाच टीसीएसच्या बँक्सवर आहे. झोहो ही कंपनी तर सेवा न विकता, स्वतःची सॉफ्टवेअर विकून मोठी झाली.

कोबोलकाका

@पायजमावाला, यूपीआयबद्दल टोपी काढतो. पण ते एनपीसीआयने उभं केलं, म्हणजे नफ्यासाठी नसलेल्या संस्थेने. त्यावरचे बहुतेक व्यवहार कोणत्या अॅपवरून होतात? फोनपे, ज्यात मोठा मालक वॉलमार्ट, आणि गूगल पे. रस्ता आपण बांधला, बस परक्यांच्या. चीनमध्ये अलीपे आणि वीचॅट पे दोन्ही घरचे. फिनॅकल, बँक्स, झोहो ही नावं आपण दर चर्चेत घेतो, कारण चौथं पटकन आठवत नाही.

तिरपागडे

चीनचे तेव्हाचे पंतप्रधान वेन जियाबाओ २००५ मध्ये बेंगळुरूला आले होते तेव्हा म्हणाले होते, दोन पॅगोडे, एक हार्डवेअरचा, एक सॉफ्टवेअरचा, मिळून जग जिंकू. आपल्याकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. टीसीएस २००२ पासून चीनच्या हांगझोऊत आहे, नॅसकॉमने २०१७ मध्ये दालियनला खास कॉरिडॉर काढला, मग गुइयांगला. तिथल्या सरकारी बँकांच्या कामातलं आपल्या वाट्याला किती आलं? त्यांचा हार्डवेअरचा पॅगोडा मात्र आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

दालियनवाली

तिरपागडे, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत.

एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. आता परदेशी गिऱ्हाईक स्वतःच इथे येऊन बसलंय. जीसीसी, म्हणजे परदेशी कंपन्यांची इथली स्वतःची केंद्रं, १७०० च्या वर झाले, त्यांत १९ लाखांच्या आसपास लोक. मी सध्या अशाच एकात आहे. इथे तास मोजत नाहीत, डिझाइन पुण्यात होतं आणि हेड ऑफिस ते रिव्ह्यू करतं. पेटंट अर्थातच त्यांच्या नावावर, त्यामुळे काकांचा मूळ प्रश्न तसाच राहतो. पण यात सर्व्हिस कंपनीच्या पोटावर पाय येतोय, कारण जे काम तिला मिळालं असतं तेच हे लोक तिची माणसं जास्त पगारावर उचलून करतात. आमच्या टीममधले निम्मे तसेच आलेत. डेबिटक्रेडिट, २०० अब्जांतलं हे कुठल्या खात्यात धरायचं? निर्यात तर आहे, पण कंपनी आपली नाही.

डेबिटक्रेडिट

डॉलर इथे येतो, पगार इथे होतो, कर इथे भरला जातो. मी जमेलाच धरणार.