अनुभव धागा: तुम्ही मत कसं टाकलंत? घरून, टपालाने की रांगेत?

पारिजात (धागाकर्ती)
निवडणूक आली की मत कोणाला द्यायचं यावर पानंच्या पानं भरतात. कसं द्यायचं, हे मात्र ज्याचं त्याला ऐनवेळी कळतं. म्हणून हा धागा. पक्ष, उमेदवार इथे नकोत. फॉर्म, पाकिटं, रांगा, तारखा, एवढंच लिहा.

सुरुवात माझ्याकडून. २०२४ च्या विधानसभेला आमच्या आजेसासूबाईंनी घरून मत दिलं. वय ८५ च्या पुढे किंवा अपंगत्व ४० टक्के वा जास्त असेल तर ही सोय मिळते, पण आपोआप नाही. अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत १२-डी फॉर्म द्यावा लागतो. बीएलओ ताई, म्हणजे आमच्या केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या, स्वतः घेऊन आल्या म्हणून जमलं. ठरल्या दिवशी कर्मचारी, पोलीस, कॅमेरावाला असा लवाजमा दारात! जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला आणि आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात पिटाळलं. आजी कागदावर खूण करून, पाकीट चिकटवून मोकळ्या. "बटण नाही का?" म्हणून जरा खट्टू झाल्या, तेवढंच. एक लक्षात ठेवा, १२-डी मंजूर झाला की यादीत तशी नोंद होते आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

झेडपीची बाई
इलेक्शन ड्यूटी आमच्या पाचवीलाच पुजलेली. विधानसभेला ड्यूटी दुसऱ्या मतदारसंघात, म्हणून फॉर्म १२ भरून पोस्टल. नावाला पोस्टल, २०२३ च्या नियमबदलापासून आम्ही सुविधा केंद्रावरच, म्हणजे ड्यूटीवाल्यांसाठीच्या खास मतदान केंद्रावर, मत देऊन पेटीत टाकतो. लोकसभेला ड्यूटी स्वतःच्याच मतदारसंघात आली तर १२-अ भरा. ईडीसी, म्हणजे इलेक्शन ड्यूटीचं प्रमाणपत्र, मिळतं आणि ड्यूटीच्या केंद्रावर मशीनवरच मत देता येतं.

मतमोजणीच्या टेबलावरही बसले आहे, तिथलं सांगते. मतपत्रिका छोट्या पाकिटात. घोषणापत्र, म्हणजे १३-अ, त्या पाकिटाच्या बाहेर पण मोठ्या पाकिटाच्या आत. घोषणापत्र चुकून छोट्यात गेलं, तर मोठं उघडल्यावर ते सापडत नाही आणि मत तिथेच बाद. छोटं पाकीट उघडतसुद्धा नाहीत. घोषणापत्रावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक आणि अधिकाऱ्याचं साक्षांकनही हवंच. दुसऱ्यांची निवडणूक पार पाडणारी माणसं इथे गळतात, हसावं की रडावं?

फौजी, सातारा
आमची मतपत्रिका आता कॉम्प्युटरवर येते, ईटीपीबीएस म्हणतात. ओटीपी टाकून उतरवायची, प्रिंट काढायची, खूण करायची. परत जाताना मात्र पोस्टच. मोजणीच्या दिवशी सकाळी ८ च्या आत पोचली तरच धरतात. पूर्वी यायची पण पोस्टानंच. डोंगरावरच्या ठाण्यात पाकीट यायचं तवर गावाकडं गुलाल उधळून झालेला असायचा. बायको सोबत राहत असेल तर तिचंही नाव सैन्याच्या यादीत लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनं महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्यालाही ती सोय झाली, बरं झालं.

दुबईकर
आम्हाला यातलं काहीच नाही. फॉर्म ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं, पण मत द्यायला स्वतः मूळ पासपोर्ट घेऊन हजर व्हायचं. टपाल नाही, दूतावासात नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला बुधवार. विमानाचे भाव बघितले आणि इतरांच्या शाईच्या बोटांना अंगठे दिले.

लेस्टरवासी
दुबईकर, गंमत ऐका. भारतीय पासपोर्टवर मी ४ जुलै २०२४ ला ब्रिटनच्या संसदेसाठी मत दिलं! कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना इथे कायदेशीर राहत असतील तर नाव नोंदवता येतं. फोटो ओळखपत्र म्हणून तोच पासपोर्ट चालला. आत दोरीला बांधलेली पेन्सिल. शाई नाही, बीप नाही, मत दिल्यासारखं वाटेचना. रूममेटने टपाली मत घेतलं होतं, त्यात जन्मतारीख आणि सही आधीच्या नोंदीशी जुळावी लागते.

सिअ‍ॅटलची सून
वॉशिंग्टन राज्यात सगळ्यांनाच मतपत्रिका टपालाने घरी येते. परतीच्या पाकिटाला तिकीटही लागत नाही. पण बाहेरची सही ताडून बघतात. सासऱ्यांनी नागरिक झाल्यावर पहिल्या मताला ठेवणीतली मराठी सही ठोकली. लायसन्सवर इंग्रजी! काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं, त्यातल्या फॉर्मवर सही करून पाठवली, मग मत धरलं गेलं. पोस्टाचा शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा लागतो, म्हणून मी सरळ ड्रॉप बॉक्स गाठते. तो त्या रात्री ८ ला बंद होतो.

खडूस पेठकर
रांगेत उभं राहिलो, नंबर आला, तर माझ्या नावावर आधीच कोणीतरी मत टाकून गेलेला. घरी परत जाऊ नका! केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा, नियम ४९-पी. ओळख पटवून कागदी मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. मशीनच्या मतांत ती मोजत नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं तर कामी येते. समाधान निम्मंच, पण नोंद तरी झाली.

भाडेकरू
नाव सोलापुरात, राहतो पिंपरीत. तिकडचं काढून इथे फॉर्म ६ भरू का?

झेडपीची बाई
नको. फॉर्म ६ पहिल्यांदा नाव लावणाऱ्यांचा. तुम्ही फॉर्म ८ भरा, जुन्या ठिकाणचं नाव त्यातूनच वगळलं जातं. नोंदणी केलेला भाडेकरार जोडा, किंवा नवा पत्ता असलेलं आधार. आणि लवकर. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालत नाहीत.