बंदीपेक्षा वेळापत्रकाकडे बघा

अभ्यासात मागे पडणाऱ्या कॉलेजच्या क्रीडासंघाला थेट स्पर्धेबाहेर काढावं, हे म्हणणं ऐकायला बरं वाटतं. पण अमेरिकेत ते करून झालंय. कनेक्टिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला २०१३ मध्ये याच कारणावरून एनसीएएची (तिथल्या कॉलेज-खेळांची संघटना) राष्ट्रीय स्पर्धा खेळता आली नाही. अभ्यासाचे गुण मोजले होते आधीच्या वर्षांचे, भोगलं नव्या मुलांनी. २०१४ ला तोच संघ विजेता!

खरा घोळ तासांचा आहे. तिथे हंगामात सराव आणि सामने मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा, पण प्रवास त्यात धरतच नाहीत. मंगळवारी रात्री दुसऱ्या राज्यात सामना, बुधवारी सकाळी रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल; कसं जमावं? मग मुलं सोपे विषय घेतात. आठवड्यामधले लांबचे सामने आधी कमी करा.