फोम टेप नंतर, आधी आवाज कुठून येतोय ते बघा

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत किचन-कपाटं असलेली राहायची गाडी, चालताना आतून वाजते, त्यावर कोणीतरी म्हटलंय की सगळ्या कपाटांना फोम टेप चिकटवा, विषय संपला. टेप लागतेच, पण खडखड आणि कुईकुई या दोन वेगळ्या भानगडी आहेत. खडखड म्हणजे काहीतरी सैल आहे आणि आपटतंय, कुईकुई म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतायत, तिथे स्क्रू आवळून फारसा फरक पडत नाही, मधे फेल्टची पट्टी घालावी लागते.

शोधायचं असेल तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि आपण मागच्या सीटवर बेल्ट लावून नुसते कान देऊन बसा, खराब रस्त्यावर हळू. निम्मा गोंगाट तर किचनमधलाच असतो, शेगडीवरची जाळी, मायक्रोवेव्हमधली काचेची प्लेट, चमच्यांचा ड्रॉवर. हे सगळं काढून टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि मग पुन्हा ऐका, जे उरलं ते खरं दुखणं.

गाडी उभी असताना एकेक पॅनल तळहाताने दाबून सोडून बघा, कुठलं बोलतं ते लगेच कळतं. प्लायमधला स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर जोर लावू नका, भोकात लाकडी काडी गोंद लावून ठोका, वाळू द्या, मग परत स्क्रू. आणि दाराच्या रबराला सिलिकॉन स्प्रेच मारा हो, पेट्रोलियमवालं तेल मारलं की रबर फुगतं.

टायरमधली हवापण बघून घ्या, जास्त असली की गाडी उगाच हादरते.