मदत हवी आहे: स्लू रिंगचे बोल्ट टॉर्क देऊनही तुटतायत

खाणकाम_२१
एक्स्कॅव्हेटरच्या स्लू रिंगचे (वरचा भाग ज्यावर गोल फिरतो त्या मोठ्या बेअरिंगचे) बोल्ट तुटतायत. दोन महिन्यांत पाच गेले. दर वेळी नवा टाकला, टॉर्क रेंचने ९५० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) दिला, तेवढा भरल्यावर रेंचने कट्ट आवाज दिला, तरी तीच गत. मालक म्हणतात जास्त ताकदीचे, १२.९ ग्रेडचे टाका आणि टॉर्क ११०० करा. करू का? मशीन उभं आहे, लवकर सांगा.

फिटर_सांगली
साईज? आताचा ग्रेड? वरच्या फ्रेमचे बोल्ट की खालच्या? किती पैकी पाच? तुटतो कुठे, डोक्याखाली की आट्यात? आट्यांना काय लावलं होतं? ९५० हा आकडा कोरड्या आट्यांचा की तेल लावलेल्या? एवढं कळल्याशिवाय कोणी हो-नाही सांगितलं तर तो अंदाजच.

खाणकाम_२१
एम-२४ (२४ मिमी व्यास), ग्रेड १०.९, एकूण ३६. खालचे, ट्रॅक फ्रेममध्ये जाणारे. भोकं टॅप केलेली, म्हणजे आटे फ्रेममध्येच, नट नाही. पाचपैकी चार स्प्रॉकेटच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) बाजूला लागून लागून आहेत. आट्यांना काही लावलं नाही, भोकं होती तशीच. मॅन्युअलचं पान फाटलंय, ९५० तेवढं वाचता येतं. १२.९ चं काय ते सांगा ना.

गॅरेज_बेळगाव
स्प्रिंग वॉशर घाला, वर लॉकटाईट (आटे चिकटवणारा द्रव). आमच्याकडे सगळ्या मशीनला तेच करतो, ढिले होत नाहीत.

फिटर_सांगली
@गॅरेज_बेळगाव, १०.९ खाली स्प्रिंग वॉशर कशाला? पूर्ण ताणाच्या किरकोळ हिश्श्यातच तो सपाट होतो, पुढे त्याचा स्प्रिंग म्हणून उपयोग शून्य. उलट बसायला एक पृष्ठभाग वाढतो. तिथे कडक केलेला सपाट वॉशर लागतो, ३०० एचव्ही कठीणपणाचा. मऊ वॉशरमध्ये डोकं रुतलं की ताण गेला. आणि लॉकटाईट बोल्टला फिरू देत नाही, हे खरं. पण यांचा बोल्ट फिरत नाहीये, तुटतोय.

पवनचक्की_धुळे
टॉर्कचा नादच सोडा. हायड्रॉलिक टेन्शनरने बोल्ट सरळ ओढा. टॉर्क रेंचने मिळणारा ताण २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होतो, टेन्शनरने १० टक्क्यांच्या आसपास. टॉवरचे फ्लँज याच पद्धतीने आवळतात.

फिटर_सांगली
टेन्शनरला नटच्या वर निदान एका व्यासाएवढे आटे मोकळे लागतात, तेव्हा तो पकडतो. इथे डोक्याचे बोल्ट टॅप केलेल्या भोकात आहेत. स्टड बसवायचे म्हटलं तरी ट्रॅक फ्रेमच्या आत टेन्शनर मावायला हवा.

पवनचक्की_धुळे
मावत नसेल तर अँगलने, म्हणजे फिरवण्याचा कोन मोजून आवळा. आधी कमी टॉर्कवर सगळे बसवून घ्यायचे, मग ठरलेले अंश फिरवायचे. तरीही नुसत्या टॉर्कपेक्षा भरवशाचं.

मशीन_डिझाईन
१२.९ चा मुद्दा आधी संपवू. एम-२४ चं ताण-क्षेत्र ३५३ चौ. मिमी. १०.९ चा प्रूफ ताण ८३० मेगापास्कल, म्हणजे बोल्ट २९३ किलोन्यूटनपर्यंत निर्धास्त धरतो. यील्ड, म्हणजे जिथून बोल्ट कायमचा लांबतो तो ताण, धरला ९४०, तर ३३२ किलोन्यूटन.

आता टॉर्क = के × व्यास × ताण, के म्हणजे घर्षणावर ठरणारा आकडा. दिलेल्या टॉर्कपैकी सुमारे ५० टक्के डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांत, आणि ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. त्यामुळे घर्षण जरा बदललं की हाती आलेला ताण कुठल्या कुठे जातो. हलकं तेल, के ०.१५: ९५० ला २६४ किलोन्यूटन, छान. गंजलेले कोरडे आटे, के ०.३०: तोच रेंच, तोच कट्ट आवाज, आणि ताण फक्त १३२. निम्मा! माझ्या मते तुमच्याकडे हेच चाललंय.

बोल्टला पुरेसा ताण नसला की रिंग आणि फ्रेम किंचित उघडझाप करतात आणि दर झोक्याला बोल्टवर भार चढतो-उतरतो. त्याने थकवा येतो, फुटायला लागतो तो बहुधा आत शिरलेल्या पहिल्या आट्यात, कारण जवळपास एक तृतीयांश भार त्या एकाच आट्यावर असतो. १२.९ टाकून त्याच कमी ताणावर आवळला तर तोही तुटेल. शिवाय प्लेटिंग केलेला १२.९ असेल तर हायड्रोजनने ठिसूळ होऊन उभ्या मशीनवरही तुटायची भीती.

गॅरेज_बेळगाव
मग मॉली पेस्ट (घर्षण कमी करणारी) लावा आणि ९५० द्या, झालं.

मशीन_डिझाईन
नाही! मॉलीने के ०.११ पर्यंत उतरतो. ९५० ला ताण होतो ३६०, म्हणजे ३३२ च्या यील्डपलीकडे. बोल्ट आवळतानाच लांबेल. पेस्ट लावायची तर टॉर्क उतरवायलाच हवा. साधारण २४० ताण हवा असेल तर ६३० च्या आसपास, आणि तोही पेस्टच्या डब्यावरचा के बघून.

फिटर_सांगली
@खाणकाम_२१, तुटलेला बोल्ट धुऊन उजेडात धरा. शिंपल्यासारख्या कडेकडेने सरकत गेलेल्या रेषा, मधे गुळगुळीत आणि शेवटी छोटा खरबरीत भाग दिसला तर थकवा. मान बारीक होऊन तुटला असेल तर जास्त आवळला. आणि मशीनला बादली लावलीये की ब्रेकर (खडक फोडणारा हातोडा)?

खाणकाम_२१
शिंपल्यासारख्या रेषा आहेत, पहिल्या आट्यातच. ब्रेकर आहे, सहा महिन्यांपासून. हे महत्त्वाचं आहे का?

फिटर_सांगली
दादा, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. ब्रेकरचे धक्के दिवसभर रिंगवर येतात, ताण कमी असेल तर आठवड्यांत बोल्ट जातो.

वेल्डर_कोल्हापूर
तुटलेला तुकडा भोकात राहिला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा, गार होऊ द्या, मग पान्याने सोडवा. फक्त अर्थ क्लॅम्प ट्रॅक फ्रेमला तुकड्याजवळच लावा. वरच्या फ्रेमला लावलात तर करंट बेअरिंगच्या गोळ्यांतून जातो आणि गोळ्यांची वाट खराब करतो.

खाणकाम_२१
तुकडे निघालेत. आता नवे ३६ आणतो, एकेक काढून एकेक बसवतो. चालेल?

फिटर_सांगली
सगळे ३६ नवेच घ्या. स्लू रिंगच्या पुस्तिकांत असतं: एखाद्याचा ताण ८० टक्क्यांखाली आला तर तो आणि शेजारचे दोन बदला, एकूण बोल्टांपैकी २० टक्क्यांहून जास्त असे निघाले तर सगळे. तुमचे पाच तुटलेलेच आहेत, ढिले किती ते मोजलंही नाही.

प्रत्येक भोकात टॅप फिरवा, हवा मारा, तळाशी तेल-ग्रीस राहू देऊ नका. भरलेल्या भोकात बोल्ट तेलावर टेकतो, रेंच वाजतो आणि रिंग आवळलेलीच नसते. आटे आणि डोक्याखाली हलकं तेल. ब्रेकर जमिनीला टेकवून वरचा भाग मोकळा ठेवा, नाहीतर एक बाजू आधीच ताणलेली असते. समोरासमोरच्या क्रमाने ३०, ७०, १०० टक्के, शेवटी एकदा गोल फेरी. इम्पॅक्ट गन नको. रेंच शेवटचा तपासून कधी आणला?

खाणकाम_२१
दोन वर्षं झाली असतील.

फिटर_सांगली
वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वाजल्यावर, जे आधी येईल ते. आधी तो तपासून आणा.

मशीन_डिझाईन
एकेक बदलण्याआधी ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) रिंग आणि फ्रेमच्या सांध्यात फिरवा. ९० मिमी पकडीचा (आवळल्या जाणाऱ्या लांबीचा) बोल्ट पूर्ण ताणाला जेमतेम पाव मिलिमीटर लांबतो. सांध्यात रंगाचा थर किंवा माती दबून ०.०५ मिमी बसली, तर पाचवा हिस्सा ताण न कळत गेला.

खाणकाम_२१
आत्ता बघितलं. स्प्रॉकेटच्या बाजूला ०.१० जातोय, जवळपास हातभर. कडेला रंगही दिसतोय.

मशीन_डिझाईन
मग एकेक बदलून भागणार नाही. क्रेन बोलवा, वरचा भाग रिंगसकट उचला, दोन्ही बैठका धातूपर्यंत साफ करा आणि सरळपट्टीने फ्रेमची सपाटी बघा. फ्रेम वाकली असेल तर आधी ती मशीन करून घ्या, बोल्ट नंतर. काम सुरू झाल्यावर पहिल्या १०० तासांनी सगळे ३६ पुन्हा तपासा.

खाणकाम_२१
क्रेनला आत्ताच फोन लावतो. उचलल्यावर फोटो टाकतो.