रीलमधले एक कोटी आणि मेघाची पगाराची स्लिप

(फोंड्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

संदेश कामत, बी-२०३: सुप्रभात मंडळी. काल एक रील बघितली. युकेत जीपीला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरला, वर्षाला १ कोटी मिळतात म्हणे. आमच्या सायलीची इंटर्नशिप संपली. बांबोळीच्या जीएमसीतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातून, सरळ तिकडच्या जीएमसीत, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलमध्ये, नाव घालायचं म्हणतोय. कोणाला खरी माहिती आहे?

सचिव: कृपया नोंद घ्यावी, आज ११ ते २ टाकी धुणार. पाणी भरून ठेवा.

सुनील देसाई, सी-२०१: कामत, १ कोटी म्हणजे हातात की कागदावर? आम्ही गल्फवाले पहिला प्रश्न हाच विचारतो 😄

डॉ. मेघा, बी-१०४ (सध्या इंग्लंडात डर्बीला जीपी): कामतकाका, रील खोटी नाही, अर्धी आहे. २०२५-२६ साठी इंग्लंडमध्ये पगारी जीपीची सरकारी पट्टी ७६,०३८ ते १,१४,७४३ पाउंड. पाउंड ११५ रुपये धरला तर खालचं टोक ८७ लाख, वरचं १ कोटी ३२ लाख. पण ही पट्टी आठवड्याला ९ सेशनची, म्हणजे साडेसदतीस तासांची. ९ सेशन करणारा जीपी माझ्या ओळखीत एकही नाही.

संदेश कामत: सेशन म्हणजे?

डॉ. मेघा: अर्धा दिवस. कागदावर ४ तास १० मिनिटं. मी ६ करते. मला एका सेशनचे वर्षाला साडेदहा हजार मिळतात, म्हणजे ६३,०००. आता स्लिपच सांगते, लपवायचं काय त्यात. महिन्याचे ५,२५०. त्यातून पेन्शन ५६२, इन्कम टॅक्स ८२८, नॅशनल इन्शुरन्स २७३. हातात ३,५८७. तुमच्या रुपयांत सव्वाचार लाखांच्या आत.

वैशाली नाईक, सी-३०२: सव्वाचार लाख महिन्याला!! आणि तू अशी रडतेस 🙈

डॉ. मेघा: वैशालीमावशी, रुपयांत तुम्ही मोजता, खर्च मी पाउंडात करते ना. १,२०० भाडं, ओजसच्या नर्सरीचे १,१००. दोनच आकडे सांगितले, बाकीचे तुम्ही धरा. वीज-गॅसचं बिल आलं की आईला फोन करावासा वाटतो.

संदेश कामत: मग ९ सेशन करायची. कष्टाला घाबरून कसं चालेल?

डॉ. मेघा: करून बघितली काका, ८. दहा मिनिटांना एक पेशंट, सकाळी १५, दुपारी १५. मधे रक्ताचे रिपोर्ट, हॉस्पिटलची पत्रं, फोन, एखादी घरी व्हिजिट. सेशन १ ला संपतं आणि मी २ ला उठते. त्या तासाचे पैसे नाहीत. शिवाय कमाई १ लाख पाउंडांच्या वर गेली की १२,५७० ची करमुक्त सूट हळूहळू काढून घेतात. १,००,००० ते १,२५,१४० या पट्ट्यात पुढच्या प्रत्येक पाउंडातले ६० पेन्स टॅक्समध्येच जातात, आणि लहान मुलांच्या पाळणाघराची सरकारी मदतही बंद. म्हणून इथले शहाणे जीपी ९९ हजारांवर थांबून एक सेशन कमी करतात.

सुनील देसाई: हे म्हणजे जास्त शिजवलं म्हणून भात फेकून द्यायचा.

डॉ. शिरोडकर, ए-१०१: मेघा, पार्टनर असतात त्यांचं काय? माझ्या वर्गातला एक जण तिकडे आहे, गाड्याच गाड्या आहेत त्याच्याकडे.

डॉ. मेघा: काका, पार्टनर म्हणजे दुकानाचा मालक. सरकार प्रॅक्टिसला, म्हणजे दवाखान्याला, पैसे देतं, त्यातून स्टाफ, इमारत, वीज सगळं भागवून उरेल ते त्यांचं. इंग्लंडमधली सरासरी २०२१-२२ ला १,५३,४०० होती, पुढच्या वर्षी १,४०,२०० वर आली. वर जाते तशी खालीही येते. रिसेप्शनिस्टचा पगार वाढला की मालकाच्या ताटातला मासा लहान होतो.

संदेश कामत: बरं. पण सायलीला तिथं पोचायला किती वर्षं?

डॉ. मेघा: बाहेरच्या डॉक्टरांसाठी प्लॅबच्या दोन परीक्षा, मग जीएमसीत नाव. एवढ्यावर जीपी होत नाही. पुढे तीन वर्षं ट्रेनिंग आणि एमआरसीजीपी ही जीपींची परीक्षा. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी मूळ पगार २०२५-२६ ला ५२,६५६ पाउंड. खरं घोडं अडलंय ते ट्रेनिंगच्या जागेवर. जुलै २०२५ मध्ये सरकारने दहा वर्षांचा आराखडा काढला, त्यात इथल्या कॉलेजांतून शिकलेल्यांना आधी जागा द्यायचं लिहिलंय. आणि रीलवाले हे कधीच सांगत नाहीत: २०२४ मध्ये नवे जीपी बनून घरी बसले होते. पेशंटांची रांग आहे, प्रॅक्टिसकडे पगार द्यायला पैसे नाहीत. शेवटी ऑक्टोबरपासून हजार नवे जीपी घेण्यासाठी सरकारने ८ कोटी २० लाख पाउंड वेगळे काढले.

मंजिरी भावे, ए-२०४: आमचे भाऊजी ऑस्ट्रेलियात आहेत, व्हिक्टोरियात एका लहान गावात. तिथं पगारच नाही हो. पेशंटमागे जे येतं त्यातले ७० टक्के यांचे, ३० क्लिनिकचे. २० मिनिटांच्या आतल्या साध्या तपासणीला मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्ययोजना, ४३.९० डॉलर देतं, जुलै २०२५ चा दर. पेशंटकडून वर काही घेतलं नाही, म्हणजे बल्क बिलिंग केलं, की थोडा जादा भत्ता. कमाई चांगली आहे, मेघापेक्षा बरीच. पण रजा नाही, आजारपण नाही. गेल्या वर्षी चवथीला तीन आठवडे आले होते. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळा-पानांची सजावट, बांधता बांधता म्हणाले, "मंजिरी, हे एकेक फळ मला किती डॉलरला पडलं माहितेय?"

वैशाली नाईक: 😂😂

मंजिरी भावे: आणि बाहेरून शिकून आलेल्यांना साधारण दहा वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागातच काम करावं लागतं. सिडनीत समुद्र बघत बसायचं स्वप्न असेल तर थांबा.

सुनील देसाई: दुबईला टॅक्स नाही. लायसन्स काढा, जा. माझ्या मावसभावाला जीपी म्हणून २० हजार दिऱ्हम मिळतात, ते सगळे हातात. पेन्शन मात्र नाही, सुटताना ग्रॅच्युइटी. पहिली पाच वर्षं वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, नंतर ३० दिवसांचा. मूळ पगार, भत्ते धरून नाही. ते करारात मूळ पगार मुद्दाम लहान लिहितात, तिथंच माणूस फसतो. मीही फसलोय.

संदेश कामत: आमची आई १९४८ ची, केप्याची, म्हणजे पोर्तुगीज काळातली. पोर्तुगीज पासपोर्ट काढता येईल असं एजंट म्हणतो. मग युरोप मोकळं?

डॉ. मेघा: राहायला मोकळं काका, डॉक्टरी करायला नाही. पासपोर्ट पोर्तुगीज झाला तरी डिग्री बांबोळीचीच राहते, ती तिकडे मान्य करून घ्यावी लागते. पोर्तुगीज भाषा यायला हवी. आणि ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, त्या पासपोर्टवर नव्याने युकेत येऊन काम करता येत नाही, व्हिसा लागतोच.

नलिनीताई, ए-१०३: आमच्या सासऱ्यांना पोर्तुगीज यायचं. आता डॉक्टर व्हायला पुन्हा तेच शिकायचं म्हणजे कमाल झाली.

सुनील देसाई: कॅनडा कोणी बोललंच नाही.

डॉ. मेघा: तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने फेब्रुवारी २०२३ मध्ये पैसे द्यायची नवी पद्धत आणली. पूर्णवेळ फॅमिली डॉक्टरला वर्षाला साधारण ३,८५,००० डॉलर, आधी अडीच लाख होते. पण हा गल्ला आहे. क्लिनिकचं भाडं, नर्स, कॉम्प्युटर सगळं त्यातूनच.

डॉ. शिरोडकर: मग माझाही गल्ला सांगतो. २०० रुपये फी, दिवसाला ४० पेशंट. ८ हजार. महिन्याचे २५ दिवस, २ लाख. त्यातून गाळ्याचं भाडं, कंपाउंडर आणि औषधं, कारण २०० मध्ये तीन दिवसांच्या गोळ्याही मीच देतो. लाखभर उरतात. पूर्वी मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचो, एक खाच म्हणजे एक डोस. आजही बोरीहून एक आजी येते, पट्टी नसेल तर औषध घेत नाही. तिच्यासाठी खळ करून ठेवतो.

नलिनीताई: डॉक्टर, सगळी पोरं गेली तर आम्हाला कोण बघणार ते सांगा आधी.

डॉ. शिरोडकर: नलिनीताई, तुमचं बीपी मी बघतोच आहे, आणि तुम्ही गोळी चुकवताय तेही.

सायली कामत: बाबा, मी पण आहे या ग्रुपवर 🙂

संदेश कामत: अगं, माहिती काढत होतो फक्त.

सायली कामत: मेघाताई, देव बरें करूं. एक विचारू? दहा मिनिटांत तू पेशंटला हात लावून तपासतेस का?

डॉ. मेघा: लावते गं. म्हणून तर २ वाजतात.

सायली कामत: शिरोडकरकाका, प्लॅबचा अभ्यास तर करणारच आहे. तोवर सकाळी तुमच्याकडे येऊन बसू का? पगार नको.

डॉ. शिरोडकर: सोमवारी साडेनऊला ये. कंपाउंडर दहाला येतो, तोवर पट्ट्या कातरायच्या आहेत.

सचिव: टाकी धुणाऱ्यांचा फोन आला, ते आज येत नाहीत. भरून ठेवलेलं पाणी वापरा.